मापं घेणारे हात

विभागप्रमुख स्वभावाने प्रेमळ आहेत. खात्यात नव्याने लागलेल्या कारकुनाला ते एक कागद देतात आणि मधोमध घडी घालायला सांगतात. डावीकडे लिही पूर्व, उजवीकडे पश्चिम. आता तुझ्यातला कुठला गुण कुठून आला ते ज्याच्या त्याच्या रकान्यात मांड. कारकून निमूट बसतो आणि यादी करतो. पूर्वेच्या रकान्यात मोठ्यांचा मान, अबोलपणा, लोक काय म्हणतील ही काळजी. पश्चिमेच्या रकान्यात अधूनमधून दिसणारा स्वतंत्र बाणा आणि दोन घोट पोटात गेल्यावरची बडबड.

व्हिएत थान्ह न्गुयेन यांच्या 'द सिम्पथायझर' (२०१५) या कादंबरीतला हा प्रसंग. निवेदकाचा बाप फ्रेंच पाद्री, आई कोवळ्या वयाची व्हिएतनामी मोलकरीण. १९७५ साली सायगॉन पडल्यावर तो कॅलिफोर्नियात पोचतो आणि एका कॉलेजच्या पौर्वात्य अभ्यास विभागात कारकुनी करतो. पुढे कादंबरीत खून आहेत, छळ आहे, युद्ध तर पानोपानी आहे. २०१६ साली तिला पुलित्झर मिळालं. तरी या पुस्तकाचं नाव निघालं की मला पहिल्यांदा तो घडी घातलेला कागद आठवतो. कुणी शिवी दिलेली नाही, कुणी दारातून हाकललेलं नाही. नोकरी दिली आहे, पगार वेळेवर होतो आहे, साहेब आस्थेने चौकशी करताहेत. तक्रार करायची तर कुणाकडे, आणि कसली?

मला आज एवढंच सांगायचं आहे. मिश्र वंशाच्या माणसाची मापं काढणारे लोक बहुतेक वेळा सज्जन असतात. साहेब असतात, शेजारी असतात, समीक्षक असतात, आणि खूपदा घरचेच असतात. त्यांच्यावर खटला भरायची सोय कुठल्या कायद्यात नाही. कादंबरीत आहे. गेल्या तीसेक वर्षांत आशियाई रक्ताच्या इंग्रजी लेखकांनी हे खटले फार नेटाने चालवले आहेत. आपण वाचक मात्र त्या कादंबऱ्या चुकीच्या टोकाकडून वाचतो. पोराला 'आपण कोण' हे कळत नाही, म्हणून त्याची कीव करतो. पोराला टेप लावणाऱ्या हाताकडे आपलं लक्षच जात नाही.

हे दुखणं आजचं नव्हे. एडिथ ईटन १८६५ साली इंग्लंडात मॅकल्सफील्डला जन्मली. बाप इंग्रज, आई चिनी. पुढे कुटुंब मॉन्ट्रियलला गेलं. एडिथ चेहऱ्यावरून चिनी वाटत नसे, म्हणून लोक तिच्यासमोर मोकळेपणी बोलत. १९०९ साली न्यूयॉर्कच्या 'इंडिपेंडंट' साप्ताहिकात तिने लिहिलेली एक आठवण वाचा. लहानशा गावातली नवी नोकरी, रात्रीचं जेवण, टेबलाभोवती मालक आणि आणखी चारदोन माणसं. विषय चिनी लोकांवर येतो. चिनी आपल्यासारखी माणसं आहेत हे मनाला पटतच नाही, असं मालक म्हणतात. बाकीचे दुजोरा देतात. एडिथ ताटात मान घालून ऐकते. मग मोठ्या कष्टाने मान वर करते आणि सांगते, मी चिनी आहे. मालक भला माणूस, तो माफी मागतो. चिन्यांबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, हा आपला निव्वळ पूर्वग्रह, असं कबूलही करतो. तरी त्या गावात ती फार दिवस राहिली नाही.

माफी मागून झाल्यावरही राहता येत नाही, हे एडिथने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. ती 'सुई सिन फार' या चिनी नावाने लिहीत राहिली, आणि १९१२ साली 'मिसेस स्प्रिंग फ्रॅग्रन्स' हा तिचा कथासंग्रह आला.

तिची सख्खी धाकटी बहीण विनिफ्रेड. आई-बाप तेच. तिने 'ओनोटो वातान्ना' असं जपानी वाटणारं नाव घेतलं आणि आपण जपानी आहोत असं सांगून कादंबऱ्या लिहिल्या. १९०१ची 'अ जॅपनीज नाइटिंगेल' खूप गाजली, रंगभूमीवरही गेली. १८८२ सालच्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं होतं, आणि जपानचं मात्र त्या काळात अमेरिकेला कौतुक होतं. विनिफ्रेडला मी दोष देत नाही. गिऱ्हाइकाला जो चेहरा हवा होता तो तिने दिला. दोष गिऱ्हाइकाचा. आर. एफ. क्वांग यांच्या 'यलोफेस'मध्ये (२०२३) तेच गिऱ्हाईक पुन्हा भेटतं. जून हेवर्ड ही गोरी लेखिका आपल्या मृत चिनी-अमेरिकन मैत्रिणीचं हस्तलिखित चोरते. पुस्तक 'जुनिपर साँग' या नावाने येतं, म्हणजे वाचकाला वाटावं की असेल बाई अर्धी-पाव आशियाई. प्रकाशनगृहातली सगळी माणसं सुशिक्षित आहेत, गोड बोलतात, ईमेलमध्ये उद्गारचिन्हं घालतात. खोटं बोलायला कुणी कुणाला सांगत नाही. नाव आणि छायाचित्र एवढं फक्त सोयीने निवडलं जातं.

या सगळ्या पुस्तकांत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सेलेस्ट इंग यांचं 'एव्हरीथिंग आय नेव्हर टोल्ड यू' (२०१४). गोष्ट १९७७ सालातली, ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातली. जेम्स ली चिनी स्थलांतरितांचा मुलगा. त्याचा बाप दुसऱ्याच मुलाच्या नावाचे कागद दाखवून अमेरिकेत शिरलेला. जेम्सचे आई-बाप एका खासगी शाळेत राबायचे, बाप डागडुजीला आणि आई स्वयंपाकघरात, आणि त्याच शाळेत जेम्स शिकला. पुढे हार्वर्ड. तिथे तो अमेरिकन संस्कृतीतला काउबॉय हा विषय शिकवायचा. जो देश त्याला आपला म्हणत नव्हता त्या देशाची सगळ्यात ठळक प्रतिमा हा चिनी चेहऱ्याचा माणूस वर्गात उलगडून दाखवत होता. मॅरिलिन त्याच्या वर्गात बसलेली गोरी विद्यार्थिनी. १९५८ साली दोघं लग्न करतात. तिच्या माहेरच्या व्हर्जिनिया राज्यात तेव्हा हे लग्न गुन्हा ठरलं असतं. तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात रद्द केला.

लग्नाच्या दिवशी मॅरिलिनची आई लेकीला बाजूला घेते. तिचा सूर काळजीचा आहे. मुलांचा विचार कर, तुम्ही राहणार कुठे, तुम्हाला आपलं कोण म्हणणार, असं ती पुन्हा पुन्हा सांगते. त्यानंतर मायलेकींची कधीच भेट होत नाही. मला ही बाई कादंबरीतली सगळ्यात धोकादायक व्यक्ती वाटते. ती जावयाला वाईट बोलत नाही. मुलं अजून जन्मायची आहेत, आणि तिने त्यांचं दुःख ठरवून टाकलेलं आहे.

मुलं तीन. मधली लिडिया. केस बापाचे, डोळे आईसारखे निळे. म्हणून ती दोघांची लाडकी, आणि त्या लाडानेच ती गुदमरते. बापाला वाटतं हिला खूप मैत्रिणी असाव्यात, हिने चारचौघींसारखं असावं, कारण तो स्वतः कधी चारचौघांसारखा होऊ शकला नाही. नाताळात तो तिला माणसं कशी जोडावी हे शिकवणारं डेल कार्नेगींचं पुस्तक देतो. आईला वाटतं हिने चारचौघींपेक्षा वेगळं व्हावं, डॉक्टर व्हावं, कारण तिचं स्वतःचं डॉक्टर होणं संसारात राहून गेलं. पोरगी दोघांना होकार देते. मैत्रिणी नाहीत हे बापाला कळू नये म्हणून टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून पलीकडे कुणी नसताना गप्पा मारते. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पुन्हा उघडलं नाही.

लिडिया मेली आहे, हे लेखिका पहिल्याच ओळीत सांगते. ती तळ्यात बुडालेली असते. मग गावातलं वर्तमानपत्र लिहू लागतं की शाळेत पौर्वात्य दोनच, ही आणि हिचा भाऊ, मिश्र घरातल्या मुलांना आपली जागा सापडत नाही. पाहा कसं होतं. गावाने पोरीला एकटं पाडलं, आणि तिच्या मृत्यूचं कारण म्हणून पुन्हा तिचंच रक्त पुढे केलं. आजीने लग्नाच्या दिवशी जे ठरवलं होतं त्यावर वर्तमानपत्राने शिक्का मारला.

थोरला नाथ. त्याला बाप पोहण्याच्या तलावावर घेऊन जातो. मुलं डोळे मिटून पकडापकडीचा खेळ खेळताहेत, नाथवर राज्य येतं. बाकीची मुलं गुपचूप पाण्याबाहेर निघून जातात. तो आंधळेपणी हात पसरून रिकाम्या पाण्यात फिरत राहतो आणि काठावरून कुणीतरी त्याच्या चिनीपणावर घाणेरडा विनोद फेकतं. बाप हे सगळं बघतो. त्याला पोराला कवेत घ्यायचं असतं, आणि त्याच क्षणी त्याला पोराचा रागही येतो, कारण त्या पाण्यात त्याला स्वतःचं बालपण दिसतं. भेदभावाचं सगळ्यात वाईट फळ इथे आहे. बापाच्या मनात पोराबद्दल दुरावा तयार झाला. काठावरची पोरं संध्याकाळी घरी जाऊन जेवून झोपली असतील.

असे प्रसंग न्यायालयात टिकत नाहीत. अशा बारीकसारीक अपमानांना नाव देणारा 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हा शब्द हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० च्या सुमारास रूढ केला, आणि आज कंपन्यांमध्ये त्याची प्रशिक्षणं होतात. पण पोहण्याच्या तलावावर त्या दुपारी बापाच्या पोटात काय झालं, हे कुठलं प्रशिक्षण सांगणार? ते इंग सांगतात.

रूथ ओझेकी यांची तऱ्हा वेगळी. त्यांची आई जपानी, वडील गोरे अमेरिकन. 'माय इयर ऑफ मीट्स'मधली (१९९८) जेन टाकागी-लिटल मिनेसोटात जन्मलेली, उंच, तोंडाची फटकळ. एक म्हातारा माजी सैनिक तिला विचारतो, तू कुठली? ती गाव सांगते. त्याचं समाधान होत नाही. खरी कुठली, आहेस तरी कोण? तेव्हा ती मोठ्या आवाजात शिवी घालून त्याला बजावते की मी अमेरिकन आहे. मला जेन आवडते ती यासाठी. ती कुढत नाही, ओरडते. आणि ओरडून झाल्यावर पुन्हा आपल्या कामाला लागते, कारण तिला काम आहे: जपानी प्रेक्षकांसाठी अमेरिकन गृहिणींवरची मालिका, प्रायोजक गोमांस निर्यात करणारे. या मालिकेत कोण चालेल आणि कोण नाही याची लेखी यादी वरून आली आहे, आणि न चालणाऱ्यांत 'दुय्यम दर्जाचे लोक'ही आहेत. म्हणजे जी बाई ती यादी हातात घेऊन फिरते तिच्यासारखेच.

क्वांग यांच्या 'बेबल'मध्ये (२०२२) माप घेणारा हात खुद्द बापाचा आहे. १८२८ साली कँटनमध्ये कॉलऱ्याने आई गेलेल्या पोराला ऑक्सफर्डचे प्राध्यापक लोव्हेल इंग्लंडला आणतात. लॅटिन शिकवतात, ग्रीक शिकवतात, स्वतःसाठी एखादं इंग्रजी नाव निवड म्हणतात. पोर रॉबिन स्विफ्ट होतं. आपण त्याचा बाप आहोत हे मात्र ते तोंडाने म्हणत नाहीत. त्यांना चिनी भाषा आतून जाणणारा विद्वान हवा होता, म्हणून त्यांनी तो जन्माला घातला. रॉबिन अंधुक उजेडात गोरा म्हणून खपून जातो. त्याचा कलकत्त्याचा मित्र रमी कुठल्याच उजेडात खपत नाही. दोघांच्या मैत्रीतला हा फरक क्वांग विसरत नाहीत आणि वाचकालाही विसरू देत नाहीत. मिश्र वंशाच्या माणसाला कधीकधी जी सवलत मिळते, तिची किंमत शेजारी उभा असलेला मित्र मोजतो. हे लिहायला धैर्य लागतं. सगळा दोष गोऱ्यांवर ढकलून मोकळं होणं सोपं असतं.

आपल्या मुंबईतही हा टेप फिरलेला आहे. हरी कुंझरू यांच्या 'द इम्प्रेशनिस्ट'चा (२००२) नायक आग्र्याच्या काश्मिरी पंडिताच्या घरात लाडाने वाढलेला, गोरापान. त्या गोरेपणाचा घरात अभिमान. खरा बाप इंग्रज होता हे कळतं आणि त्याच गोरेपणापायी त्याला घराबाहेर काढतात. पुढे तो मुंबईत फॉकलंड रोडवर एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या आश्रयाला येतो. मिशनरी धर्माइतकाच कवट्यांच्या मोजमापात रमलेला. पुढे इंग्लंडात हा मुलगा इतका हुबेहूब इंग्रज होतो की ज्या मुलीवर त्याचं प्रेम असतं तीच त्याला सोडते. तिला तो फार इंग्रज वाटतो.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त राग आहे ते बोलते. मिश्र वंशाचं मूल म्हणजे दोन संस्कृतींमधला पूल, असं म्हणायची रीत पडली आहे. समीक्षणांत येतं, ब्लर्बवर येतं, सत्कारसमारंभांत तर हमखास येतं. न्गुयेन यांच्या कादंबरीतल्या विभागप्रमुखांनाही त्या कारकुनाकडून हेच हवं होतं. पुलावरून दोन्हीकडचे लोक जातात, आणि पुलावर कुणी घर बांधत नाही. हे कौतुक मला शिवीपेक्षा जड वाटतं, कारण शिवीला उत्तर देता येतं. ज्या लेखकांची नावं मी वर घेतली त्यांनी पूल होण्याचं नाकारलं, म्हणून ती पुस्तकं टिकतील. न्गुयेन यांच्या निवेदकाला त्याची गरीब आई लहानपणीच सांगून ठेवते की तू अर्धा नाहीस, दुप्पट आहेस. सगळ्या कादंबरीत त्याचं माप न घेणारी बहुधा ती एकटी.

सरकारी कागदाला हे उशिरा सुचलं. अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून जास्त वंशांवर खूण करायची मुभा पहिल्यांदा २००० साली मिळाली. २०२० च्या जनगणनेत फक्त आशियाई अशी खूण करणारे १ कोटी ९९ लाख होते, आणि आशियाईबरोबर आणखी एखाद्या वंशावरही खूण करणारे सुमारे ४१ लाख. चौकोन वाढले, विचारणारे तेच राहिले. ३१ जुलै २०२४ रोजी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या परिषदेत डोनाल्ड ट्रम्प यांनी कमला हॅरिस यांच्याबद्दल म्हटलं की त्या आधी भारतीय होत्या, आता अचानक काळ्या झाल्या. आई चेन्नईची, वडील जमैकाचे, शिक्षण कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात, हे सगळं जगजाहीर असताना. देशाच्या तेव्हाच्या उपराष्ट्रपतीला जर हे ऐकावं लागलं, तर ओहायोतल्या शाळकरी पोरीने काय करायचं?

आपण हसायचं कारण नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३६६व्या कलमात अँग्लो-इंडियन कोण हे लिहून ठेवलं आहे, आणि तिथे युरोपीय रक्त बापाच्या बाजूनेच यावं लागतं. आई युरोपीय आणि बाप भारतीय असेल तर ते मूल त्या व्याख्येत बसत नाही. भुसावळ, इगतपुरी, दौंडच्या रेल्वे वसाहतींत या समाजाच्या पिढ्या राहिल्या, लोहमार्गावर राबल्या. लोकसभेतल्या त्यांच्या दोन नामनियुक्त जागा जानेवारी २०२० मध्ये गेल्या, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्यावर फारशी हळहळ मला दिसली नाही.

आणि घरात? नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीहून, बे एरियाहून नातवंडं पुण्याला, ठाण्याला येतात. कुणाची आई कोरियन, कुणाचा बाप आयरिश वंशाचा, कुणाचा कृष्णवर्णीय. आजीने आठवडाभर आधी लाडू वळलेले असतात. मग काकू, मावश्या, शेजारच्या वहिनी जमतात. रंग आईवर गेलाय, बरं झालं. नाक मात्र आपलं हो. डोळे जरा बारीकच आले नाही? मराठी येतं का गं तुला, म्हणून दाखव बघू शुभं करोति. पोरगी बारा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. शब्द कळले नाहीत तरी नजर कळते. गोऱ्या जावयाचा फोटो दिवाणखान्यात लागतो, काळ्या जावयाचा मोबाइलमध्येच राहतो, आणि हे घरात कुणी बोलून दाखवत नाही. ही माणसं दुष्ट नाहीत. मॅरिलिनची आईही दुष्ट नव्हती.

मराठीत आता या घराची कादंबरी हवी आहे, आणि ती त्या बारा वर्षांच्या मुलीच्या बाजूने लिहिलेली हवी. तिला 'दोन जगांत हरवलेली' करू नका. तिला आळशी होऊ द्या, चावट होऊ द्या, गणितात नापास होऊ द्या, जेनसारखं एकदा सगळ्यांसमोर ओरडू द्या. लाडू वळणारे हात आणि माप घेणारे हात एकाच आजीचे आहेत, हे मात्र सोडू नका. खरी कादंबरी तिथे आहे. परदेशात राहून लिहिणाऱ्या मराठी लेखकांना मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण ती मुलगी तुमच्याच जेवणाच्या टेबलावर बसलेली आहे.

आणि वाचकांना एक विनंती. सेलेस्ट इंग यांची कादंबरी तीनशेच्या आसपास पानांची आहे, इंग्रजी सोपं आहे, दुकानात सहज मिळते. नातवंडं यायच्या आधी वाचून काढा.